इंदूअक्का माफ करत नाहीत

इंदूअक्कांनी कुणाला माफ केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बेंगळुरूत आल्यापासून मला माफ करणारी माणसं पुष्कळ भेटली. ती मोठ्या मनानं माफ करतात आणि मग जन्मभर त्या मोठ्या मनातूनच आपल्याकडे बघत राहतात. त्यापेक्षा अक्का बऱ्या. त्यांचा राग घासूनपुसून फळीवर ठेवलेल्या भांड्यासारखा जागच्या जागी असायचा, हवा तेव्हा हाताला लागायचा. मी बेळगावकडची. आमच्या घरात भावकीचं एक भांडण दोन पिढ्यांनी पुरवून पुरवून खाल्लं आहे. त्यामुळे असेल, पण ही बाई मला पहिल्या भेटीतच आवडली.

अक्का म्हणजे इंदुमती पिसे. घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इथं येऊन चिकपेटच्या कापडबाजारात रुजलेलं. वडिलांचं अस्तराच्या कापडाचं दुकान होतं. घरात बोलायचे मराठीच, पण त्यात थोड्यासाठी 'स्वल्प' आणि बरं म्हणायला 'सरी' असे कानडी शब्द इतके मिसळलेले, की पुण्याहून आलेला माणूस हसायचा. अशा घरातली ही मुलगी जर्मनमधून थेट फ्रेंचमध्ये विम्याचे कागद उतरवायची. मध्ये इंग्रजीचा पूल नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या स्वित्झर्लंडला गेल्या, तिथल्या एका विमा कंपनीत कामाला लागल्या, आणि नवरा वारल्यावर जयनगरच्या आपल्या घरी परत आल्या. त्या कंपनीत पॉलिसी लिहायचे जर्मनमध्ये, पण देशाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातल्या गिऱ्हाइकाला ती फ्रेंचमध्ये द्यावी लागायची. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगत नसले तर नुकसान झाल्यावर भांडण उभं राहतं. हे काम करणारं दुसरं माणूस या शहरात मला तरी सापडलेलं नाही, आणि शोधायचं काम माझंच होतं.

पॉलिसी हातात आली की अक्का ती मागून वाचायच्या. कंपनी काय काय देणार ते पुढच्या पानांवर मोठ्या अक्षरात असतं, काय देणार नाही ते मागे बारीक अक्षरात. "आधी 'नाही' कुठं लिहिलंय ते बघावं गं," त्या म्हणायच्या. माणसांनाही हाच नियम लावायच्या. वरच्या मजल्यावर एक हसतमुख कुटुंब राहायला आलं, येता-जाता नमस्कार करायचं. सगळे त्यांचं कौतुक करत होते. अक्का म्हणाल्या, माणसं गोड आहेत, पण यांचं 'नाही' कुठं आहे ते अजून मला सापडलेलं नाही. पुढे पाण्याच्या टाकीवरून ते सापडलं, आणि अक्कांना फार समाधान वाटलं.

त्यांच्या आईला चिकपेटच्या एका साडीवाल्यानं कधीकाळी फाटका पदर आत घडी घालून साडी विकली होती. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. साडीवाला गेला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, नातू गल्ल्यावर बसायला लागला. अक्का त्या गल्लीतून जाताना अजून दुकानासमोर थांबायच्या, पायरीवर उभ्या राहून आत शिरणाऱ्या बायकांना सांगायच्या, पदर उघडून बघून घ्या हं. नातवाला बिचाऱ्याला कारणही माहीत नव्हतं. एकदा मी बरोबर होते. त्यानं हात जोडून विचारलं, अक्का, माझं काय चुकलं? त्या म्हणाल्या, "तुझं काही नाही रे राजा. तू दुकान घेतलंस ना आजोबांचं? मग उधारीही घे."

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाची गोष्ट तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला अक्का हॉलवर गेल्या. चिटणिसांची बायको दारात तबक घेऊन उभी होती. तिनं अक्कांना तिळगूळ दिला आणि कुंकवाचा करंडा हळूच मागे सरकवला. अक्का आत जाऊन बसल्या. तिळगूळ खाल्ला, पाणी प्यायल्या, घरी आल्या. पुढच्या संक्रांतीला त्याच दिवशी, त्याच वेळेला त्यांनी स्वतःच्या घरी हळदीकुंकू ठेवलं. आधी बोलावल्या सगळ्या विधवा, मग बाकीच्या. पुरणपोळी, कोसंबरी, स्टीलच्या लोट्यांतून कॉफी, आणि वाण म्हणून वडिलांच्या दुकानातलं उत्तम अस्तर. मंडळाचा हॉल ओस पडला. शेवटी चिटणिसांची बायकोही आली, कारण एकटी तिथं बसून करणार काय. अक्कांनी तिला पाटावर बसवलं आणि अंगठ्यानं असं कुंकू लावलं, की ते भुवईपासून भांगापर्यंत गेलं. ती बाई तशीच घरी गेली. पुसायची हिंमत तिला झाली नाही.

आता दातारांविषयी. विक्रम दातार हे आमचे साहेब. जयनगरमध्ये एका बेकरीच्या वर त्यांची भाषांतराची कंपनी होती. स्वतःला मराठी, हिंदी आणि इंग्रजीपलीकडे काही येत नव्हतं, पण भाषांतराची कंपनी चालवायला भाषा यावी लागत नाही, असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. माणूस दिसायला रुबाबदार, बोलायला मिठ्ठास.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. परदेशातलं मोठं काम मिळवायचं तर आधी नमुन्याचं पान भाषांतर करून द्यावं लागतं, आणि ते कोण करणार त्याचं नाव कळवावं लागतं. नमुना करायला सर्वांत चांगला हात बोलवायचा, त्याचं नाव कागदावर घालायचं, आणि काम पदरात पडलं की ते भलत्याच हातांना वाटून द्यायचं. हत्तीचे दात म्हणतात ते हेच. दातारांनी शोधलेली ही रीत नव्हे, पण त्यांनी ती अक्कांवर वापरली. अक्का जिथं नोकरीला होत्या त्याच स्विस कंपनीचं काम त्यांनी अक्कांच्या नावावर आणि नमुन्यावर मिळवलं. मग अक्कांना सांगितलं, की क्लायंटनं प्रोजेक्ट होल्डवर ठेवलं आहे. आणि इकडे कागद मशीनमध्ये घालून जर्मनचं इंग्रजी केलं, त्या इंग्रजीचं फ्रेंच करायला विमा कशाशी खातात हे माहीत नसलेली कॉलेजची पोरं बसवली. प्रत्येक कागदाखाली भाषांतरकार म्हणून नाव मात्र इंदुमती पिसे.

व्हायचं ते झालं. तळघरात पुराचं पाणी शिरलं तर भरपाई मिळणार नाही, असा अख्खा परिच्छेद फ्रेंच पॉलिसीतून गळला. आणि तिकडे खरंच पूर आला. कंपनीनं जाब विचारला तेव्हा दातारांनी कळवलं, की मॅडम अनुभवी आहेत, पण वय झालं आहे, डोळे गेले आहेत. आम्ही त्यांना कामावरून दूर केलं आहे.

अक्कांना हे कळलं ते फोनवरून. तिथली त्यांची जुनी मैत्रीण, नोकरीतली शेजारीण, हिचा फोन आला. तिनं फार हळुवारपणे विचारलं, इंदू, तुझे डोळे आता कसे आहेत? अक्कांना आधी प्रश्नच कळेना. मग एकेक धागा सुटत गेला. ज्या ऑफिसात त्या उमेदीची वर्षं राबल्या, तिथं आता त्यांचं नाव 'या बाईला काम देऊ नये' अशा लोकांत गेलं होतं. त्या दुपारी त्यांनी शिवणाच्या डब्यातल्या सगळ्या सुया ओवून ठेवल्या, चष्मा न लावता. ते सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला.

मी विचारलं, तुम्ही लगेच कंपनीला खरं का नाही कळवलं? त्या उसळल्याच. "मी सांगायचं, मी आंधळी नाही म्हणून? त्यांनी विचारायला नको? एवढी वर्षं माझ्या शब्दावर सह्या केल्या त्यांनी." मग शांत होऊन म्हणाल्या, दातार परत येणार हे मला तेव्हाच ठाऊक होतं. जर्मनमधून फ्रेंचला जायची वाट या गावात माझ्या दारावरून जाते. घाई कशाला?

आणि दातार आले. म्हणजे त्यांनी मला पाठवलं. तोवर त्यांनी कंपनीचं नाव बदललं होतं, पाटी नवी रंगवली होती, आणि नव्या नावानं त्याच स्विस कंपनीच्या दारात उभे होते. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. माझं काम एकच, विम्याचं कळणारा जर्मन-फ्रेंच भाषांतरकार शोधणं. मी फोन करकरून कंटाळले. जर्मनचं इंग्रजी करणारे रगड, फ्रेंचचं इंग्रजी करणारेही तेवढेच. या तीरावरून त्या तीरावर थेट जाणारं कुणी नाही. ज्याला विचारावं तो म्हणायचा, पिसे मॅडमना विचारलं का? मी नाव सांगितलं की दातार मान फिरवायचे. शेवटी या खेपेला स्विस लोकांनी अट घातली, की भाषांतरकाराशी आम्ही स्वतः व्हिडिओवर बोलणार. मग मात्र दातारांना इलाज उरला नाही.

त्यांनी माझ्या हातात म्हैसूरपाकाचा डबा दिला. म्हणाले, मॅडम सीनियर आहेत, इमोशनल आहेत, जरा गोड बोलून बघ, वय झालं की माणसं लवकर विरघळतात. त्यांच्या डोळ्यांविषयी आपण काय लिहिलं होतं हे अक्कांपर्यंत पोचलं असेल, अशी शंकाही त्यांना आली नाही. आणि एक निरोप होता. तिथली जुनी माणसं आता निवृत्त झाली आहेत, तरीपण नाव थोडं बदलून घेऊ. 'मिसेस राव' म्हणू.

मी साहेबांचं बोलणं आणि निरोप जसाच्या तसा अक्कांना सांगितला. त्यांनी डबा उघडला, एक तुकडा मला दिला, एक स्वतः तोंडात टाकला. "म्हणजे डोळे माझे पाहिजेत आणि नाव नको," त्या म्हणाल्या. मग साडीचा पदर नीट केला. "सरी. येते म्हणून सांग."

नमुन्याचं पान आणायला मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी मला पुराच्या कलमाची आणि डोळ्यांची ती सगळी हकिगत सांगितली. त्या दिवशी मी ऑफिसात परतले ती अंगात ताप भरल्यासारखी. दातारांना मी सावध करू शकले असते. केलं नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. उलट व्हिडिओच्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले.

दातारांच्या केबिनमध्ये मोठा पडदा लावला होता. ते निळा कोट घालून बसले, शेजारी अक्का, कोपऱ्यात मी. पडद्यावर दोघं होते. एक वयस्कर गृहस्थ, ते जर्मनमध्ये बोलत होते, आणि एक तरुण बाई, ती फ्रेंचमध्ये. मला जर्मन बऱ्यापैकी येतं, फ्रेंच जेमतेम. दोघांनी नमुन्याची तोंडभरून स्तुती केली. इतका नेमका मजकूर बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता, असं ते गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी मिसेस राव यांना स्वतःविषयी सांगायची विनंती केली.

अक्कांनी हात मांडीवर ठेवले आणि चकलीची भाजणी समजावून सांगावी अशा आवाजात जर्मनमध्ये बोलायला लागल्या. माझं नाव राव नाही. माझं नाव इंदुमती पिसे. हे नाव तुमच्याकडे डाग लागून पडलं आहे. पुराच्या कलमाचा तो कागद मी कधी पाहिलाच नाही. तो मशीननं आणि मुलांनी केला आणि खाली माझं नाव घातलं. माझे डोळे गेले असं तुम्हाला कळवणारे गृहस्थ माझ्या शेजारी बसले आहेत. त्यांनी कंपनीची पाटी बदलली आहे. निळा कोट घातलेले हेच ते, आता मान हलवताहेत.

दातार खरंच मान हलवत होते. अधूनमधून 'येस, येस' म्हणत होते. अक्कांनी तोच मजकूर त्या तरुण बाईसाठी फ्रेंचमध्ये पुन्हा सांगितला. तेव्हा तर दातारांनी हसून अंगठा वर केला. पडद्यावरची दोन्ही माणसं त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मी ओठ दातांखाली घट्ट धरून ठेवला होता. मला तो क्षण संपायला नको होता.

मला वाटलं, आता झालं. पण अक्का दातारांकडे वळल्या. "दातार, तुम्हाला कळलं नसेल. मी सांगते." आणि त्यांनी सगळं मराठीत सांगितलं, त्याच क्रमानं, त्याच आवाजात. निळ्या कोटाचं वाक्यही सोडलं नाही. दातारांचं हसू आधी तोंडावर तसंच राहिलं, नुसतं डोळ्यांतून गेलं. मग तोंडावरचंही गेलं. पडद्यावरची माणसं अदबीनं थांबून राहिली होती. अक्कांनी शेवटी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं, की यांनाही मी अक्षरशः तेच सांगितलं आहे.

त्या गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं, मिस्टर दातार, हे खरं आहे का? दातार म्हणाले, थोडा कम्युनिकेशन गॅप आहे. त्या खोलीत ते वाक्य इतकं हास्यास्पद वाटलं, की खुद्द दातारांनीच मान खाली घातली. जाताना अक्का दारात थांबल्या आणि म्हणाल्या, म्हैसूरपाक चांगला होता, तूप चांगलं होतं.

दातारांना ते काम मिळालं नाही. ही बातमी या धंद्यात फिरायला वेळ लागत नाही, त्यामुळे नंतर बाकीचंही गेलं. पाटी उतरली. माझी नोकरीही गेली, पण मला दुसरी मिळाली. दातार होसकोटेच्या औद्योगिक भागात कुठंतरी कारखान्यांची माहितीपत्रकं छापून देतात, असं कानावर आलं.

खरी गोष्ट पुढे आहे. स्विस कंपनीनं अक्कांची रीतसर माफी मागितली, त्यांच्या नावावरचा डाग पुसला, आणि यापुढे मधला माणूस नको, तुम्ही थेट आमच्यासाठी काम करा, असं सांगितलं. मी धावत पेढे घेऊन गेले. अक्का नाही म्हणाल्या होत्या.

मला रागच आला. म्हटलं, अक्का, आता काय राहिलं? नाव परत मिळालं ना?

त्यांनी पेढ्यांचा पुडा न उघडता बाजूला ठेवला. बाहेर भाजीवाली ओरडत गेली. मग म्हणाल्या, "दातार चोर होता. चोरानं चोरी केली, मी त्याला धरला, झालं. पण ती माझी माणसं होती गं मंजू. माझा नवरा गेला तेव्हा माझ्याबरोबर ती रडली होती. कुणा तिऱ्हाइतानं इथून एक ओळ लिहिली आणि त्यांनी मानली. एकानं फोन उचलून विचारलं नाही, इंदू, हे तूच केलंस का? केला तो फोन डोळ्यांची कीव करायला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. तेवढंच. त्यांना रडताना मी पाहिलेलं नाही आणि तेव्हाही त्या रडत नव्हत्या. त्या कंपनीचा माणूस अजून मधूनमधून विचारतो, आणि अक्का दर वेळी छान फ्रेंचमध्ये नाही कळवतात. आता ती कंपनी कुणाकडून काम करून घेते, मला माहीत नाही. चांगलं होत नसणार, अशी मला आशा आहे.

परवा त्या मला जयनगरच्या देवळात भेटल्या. पाठीत वाकल्या आहेत, हातात काठी आहे, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा मात्र तसाच ताजा. अर्चनेच्या रांगेत उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सांगितलं, दातारांची तब्येत ठीक नाही, हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, घरीच असतात. मला वाटलं, ऐकून बरं वाटेल त्यांना. पण त्यांचा चेहरा एकदम काळजीनं भरला. किती मोठं ऑपरेशन? डॉक्टर काय म्हणतात? बोलतो ना नीट? माणसं ओळखतो ना?

मी म्हटलं, ओळखतात की. अक्का, तुम्हाला त्यांची कीव येते?

"कीव?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ते गाळलेलं कलम आहे. "माणूस मेला की सगळं विसरतो. त्याला विसरू देऊन कसं चालेल?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. पुजाऱ्यानं कन्नडमध्ये विचारलं, कुणाच्या नावानं, गोत्र काय, नक्षत्र काय. अक्का म्हणाल्या, गोत्र माहीत नाही, नक्षत्र माहीत नाही, नाव पुरे. आणि काठी भिंतीला टेकवून, दोन्ही हात जोडून, एकेक अक्षर सुटं करत त्यांनी दातारांचं पूर्ण नाव सांगितलं. दीर्घायुष्य पाहिजे, त्या म्हणाल्या, आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत पाहिजे. पुजारी आत वळून मंत्र म्हणायला लागला. अक्का डोळे मिटून उभ्या होत्या, आणि कुणा पोटच्या पोरासाठीही कुणी इतकं मनापासून मागितलं नसेल.